हे क्रीम ओरिजिनल आहे का?

औषधांच्या दुकानात काउंटरमागे उभी असते, त्यामुळे हा प्रश्न मला सतत येतो. कधी मोबाइलवर फोटो दाखवतात, कधी नणंदेनं दुबईहून आणलेली बाटली पुढे करतात, कधी पार्लरमधून मिळालेली बिनलेबलची पांढरी डबी. "ताई, एकदा बघून सांगा ना, ओरिजिनल आहे ना?" तुम्ही विचारलंत म्हणून एकदा नीट सांगते.

नुसती बाटली बघून मला ते सांगता येत नाही. होलोग्राम, क्यूआर कोड, सोनेरी अक्षरांचा खोका, हे सगळं छापून मिळतं. फर्स्ट कॉपी करणारे नेमकी हीच मेहनत घेतात, कारण गिऱ्हाईक तेवढंच तपासतं हे त्यांना ठाऊक असतं. एखादं स्पेलिंग चुकलेलं असेल, खोक्यावरचा बॅच नंबर आणि बाटलीवरचा बॅच नंबर वेगळा असेल, तर माल नकली म्हणून लगेच बाजूला ठेवावा. पण सगळं जुळलं म्हणजे माल खरा, असं होत नाही. म्हणून मी उलट विचारते: कोणाकडून घेतलंत, आणि बिल आहे का?

यामागे कारण आहे. औषध विकायला आम्हाला परवाना लागतो, दुकानात नोंदणीकृत फार्मासिस्ट लागतो. सौंदर्यप्रसाधनं विकायला मात्र आपल्याकडे असा विक्रीचा परवानाच लागत नाही. बनवणाऱ्याला लागतो, आयात करणाऱ्याला नोंदणी लागते, पण विकणारा कोणीही असू शकतो: जनरल स्टोअर, पार्लर, व्हॉट्सअॅप ग्रुप, इन्स्टाग्रामवरचं पेज. यांतले बरेच जण प्रामाणिक आहेत. पण उद्या चेहरा सुजला तर तुम्ही जाणार कुणाकडे? ज्यानं पक्कं बिल दिलं, ज्याच्या दुकानावर पाटी आहे, ज्याला उद्याही तिथेच बसायचं आहे, त्याच्याकडे जाता येतं. विश्वासाचा विक्रेता म्हणजे माझ्या लेखी एवढंच: नावानिशी जबाबदारी घेणारा.

आता लेबल. भारतात बनलेल्या क्रीमवर उत्पादकाचं नाव, पूर्ण पत्ता, उत्पादन परवाना क्रमांक, बॅच, मुदत आणि एमआरपी असायलाच हवी. परदेशी मालावर, मग ते कोरियन सीरम असो की फ्रेंच सनस्क्रीन, भारतातल्या आयातदाराचं नाव-पत्ता आणि नोंदणी प्रमाणपत्राचा क्रमांक लागतो. कॉस्मेटिक्स रूल्स, 2020 मध्ये हे आहे. बहुधा तो एक साधा पांढरा स्टिकर असतो, कंपनीच्या देखण्या खोक्यावर थोडा वाकडाच चिकटवलेला. लोकांना तो बघून उलट संशय येतो. पण दुकानात विकायला ठेवलेल्या परदेशी मालावर तो नसेल, तर माल कुठल्या रस्त्यानं आला हे विकणाऱ्यालाही सांगता येणार नाही. नणंदेनं दुबईच्या दुकानातून स्वतःसाठी आणलेल्या बाटलीची गोष्ट वेगळी. तिथे तिथलं बिल बघावं.

ऑनलाइन घेताना अॅपचं नाव मोठं आहे म्हणून थांबू नका. अॅप म्हणजे बाजारपेठ; विकणारा वेगळाच असतो, त्याचं नाव किमतीच्या खाली बारीक अक्षरात असतं. त्यावर बोट ठेवून तो कोण, कुठला, ते वाचा. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांनुसार विक्रेत्याची माहिती दाखवणं बंधनकारक आहे. कंपनीच्या स्वतःच्या साइटवर अधिकृत विक्रेत्यांची यादी असेल तर तिच्याशी ते नाव ताडून पाहा. आणि दुकानदाराला ज्या भावानं माल पडतो त्याच्याही खाली कोणी विकत असेल, तर एकतर मुदत संपत आलेली असते, नाहीतर माल तो नसतोच.

माल खरा असूनही वाया गेलेला असू शकतो, हे फार कमी जण लक्षात घेतात. मे महिन्यात विदर्भात पारा 45 च्या आसपास असतो. अशा दिवसांत पत्र्याच्या गोदामात पडून राहिलेलं व्हिटॅमिन सीचं सीरम तपकिरी होतं, सनस्क्रीन फाटून पाणी आणि तेल वेगळं होतं. म्हणून सीरम आणि सनस्क्रीन मी उन्हाळ्यात तरी थंड दुकानातून, ताज्या बॅचचं घ्यायला सांगते.

पण हे सगळं पैशांचं नुकसान झालं. माझा जीव तुटतो तो त्या बिनलेबलच्या पांढऱ्या डबीसाठी.

2023 च्या सुरुवातीला अकोल्याच्या एका घरातली बातमी सगळीकडे आली होती. मुलगी, तिची बहीण आणि आई, तिघींच्याही किडन्यांना इजा झाली. तिघी एकच गोरं करणारं क्रीम लावत होत्या. मुंबईच्या केईएम रुग्णालयात तपास झाला तेव्हा क्रीममध्ये पारा सापडला. केरळात कोट्टक्कलच्या डॉक्टरांनी जुलै 2021 ते सप्टेंबर 2023 या काळातले मेंब्रेनस नेफ्रोपथी या किडनीच्या आजाराचे 22 रुग्ण नोंदवले. त्यांतल्या 15 जणांत या आजाराचा एक विशिष्ट प्रकार निघाला, आणि त्या 15 पैकी 13 जण गोरेपणाची क्रीमं वापरत होते.

पारा त्वचेला रंग देणारं मेलॅनिन तयार होणं रोखतो, म्हणून काही आठवड्यांतच चेहरा उजळतो. तोच पारा त्वचेतून रक्तात आणि किडनीत जातो. आपल्या नियमांत डोळ्यांभोवती लावायची प्रसाधनं सोडली तर बाकीच्यांत चुकून आलेला पारासुद्धा दहा लाख भागांत 1 भागाच्या वर चालत नाही. अशा डब्यांवर पाऱ्याचा उल्लेख सहसा नसतोच. पण कधीकधी एक सूचना असते: सोनं, चांदी, अॅल्युमिनियम, रबर यांना लागू देऊ नका. ही सूचना वाचलीत तर डबी तिथेच खाली ठेवा. पारा धातूला चिकटतो, म्हणून ती लिहिलेली असते. मंगळसूत्राला जपायला सांगणारं क्रीम गालावर का लावायचं?

दुसरा प्रकार स्टेरॉइडचा. पार्लरमध्ये "आमचं स्पेशल क्रीम" म्हणून मिळणाऱ्या मिश्रणात बऱ्याचदा बीटामेथासोन, क्लोबेटासोल किंवा मोमेटासोन असतं. पहिले काही आठवडे चेहरा तुकतुकीत दिसतो. मग त्वचा पातळ होते, उन्हात लाल होऊन जळजळते, मुरुमं येतात, नको तिथे केस वाढतात. 2018 मध्ये सरकारनं स्टेरॉइडची बरीच मलमं शेड्यूल एचमध्ये टाकली, म्हणजे ती चिठ्ठीशिवाय देता येत नाहीत. माझ्याकडे कोणी "फक्त एकच ट्यूब द्या" म्हणालं, तरी मी देत नाही.

म्हणूनच "आठ दिवसांत फरक" ऐकलं की मी सावध होते. नाव असलेल्या, परवाना असलेल्या साध्या मॉइश्चरायझरला आणि सनस्क्रीनला इतकी घाई नसते.

अशी डबी कोणी आधीच लावत असेल तर घाबरवून उपयोग नाही. पावला-डोळ्यांवर सूज असेल, लघवीला फेस येत असेल, तर लघवीतली प्रथिनं तपासा आणि क्रीमची डबी सोबत घेऊन डॉक्टरांकडे जा. कोट्टक्कलच्या बहुतेक रुग्णांना क्रीम बंद झाल्यावर आराम पडला. स्टेरॉइड लावत असाल तर मात्र एकदम सोडल्यानं चेहरा भडकतो. त्वचेच्या डॉक्टरांना विचारून कमी करत आणा.

फसवणूक झाली असेल तर डबी, खोका, बिल, पार्सलवरचं लेबल, काहीही फेकू नका. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार करता येते, आणि आतल्या मालाबद्दल शंका असेल तर जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात अर्ज देता येतो. तिथले औषध निरीक्षक नमुना प्रयोगशाळेत पाठवू शकतात. अर्ज कसा लिहायचा ते जमत नसेल तर दुकानात या, मी लिहून देते.