माटोळीचं सामान

निसर्गाकडे परत जायला हल्ली फी पडते. पणजीतल्या कॅफेंच्या फलकांवर बघा, एखादी तरी कार्यशाळा लागलेली असतेच: झाडांच्या सान्निध्यात ध्यान, पानांचे ठसे, मातीकाम, दुपारच्या जेवणासकट. थट्टा करत नाही. माझी एक मैत्रीण अशाच एका शिबिराहून चांगली टवटवीत होऊन आली. मी तिला एवढंच म्हटलं, चवथीच्या आधी सावईवेऱ्याला आमच्या घरी ये. फुकट रानात पाठवतो आणि वर यादीही देतो.

यादी माटोळीच्या सामानाची. घाटापलीकडच्या वाचकांसाठी सांगते. गोव्यात चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, घरच्या गणपतीच्या डोक्यावर छताला एक लाकडी चौकट टांगतात, तिला आडव्या-उभ्या पट्ट्या असतात. त्या पट्ट्यांना नारळ, सुपारीचं शिपटं, केळ्यांचा घड आणि त्या दिवसांत रानात जे जे फळलं-फुललं असेल ते बांधायचं. ही माटोळी. मखर साधं असलं तरी कोणी काही बोलत नाही, पण माटोळी विरळ दिसली की आरतीला आलेला प्रत्येकजण वर बघून घेतो आणि घरी जाऊन बोलतो.

अर्धं सामान कुळागरातलं, म्हणजे माड-पोफळीच्या बागेतलं. शिपटं, नारळ, केळी, तोरंज (लिंबाच्या जातीचं मोठं फळ), आंब्याचे टाळे. त्यासाठी पाडेली, म्हणजे झाडावर चढून नारळ-सुपारी पाडणारा, हवा, आणि पाडेली चवथीच्या आठवड्यात मंत्र्यांपेक्षा दुर्मिळ. उरलेलं अर्धं डोंगरावरचं: कांगलां, माट्टीची फळं (माट्टी म्हणजे आपला राज्यवृक्ष, पण हे शाळेच्या पुस्तकाबाहेर कितीजणांना ओळखता येतं देव जाणे), कवंडळं, घागऱ्या, कुड्याच्या जोडशेंगा, पीळ दिलेली मुरुडशेंग, कळलावीची फुलं. बांधायला केवणीच्या सालीचा दोर. मुरुडशेंग आणि हा दोर एकाच झुडपाचे. म्हणजे टांगायची वस्तू आणि टांगायची दोरी एकाच ठिकाणी मिळते, अशी सोय बाजारातसुद्धा नसते.

डोंगरावर जाताना पुढे आमचे काका, मागे वाड्यावरची (वाडीतली) पोरं, त्यांच्यामागे धापा टाकत माझ्यासारखे शहरातले. काका बोलतात कमी. घागऱ्यांच्या झुडपापाशी थांबतात, एक शेंग तोडतात, कानाशी धरून हलवतात. हिरवी शेंग मुकी असते. वाळली की आतले दाणे देठापासून सुटतात आणि खुळखुळायला लागतात. दोन्ही प्रकारच्या घ्यायच्या, एक दिसायला आणि एक वाजायला. कळलावीपाशी मात्र पोरांना आधीच दम मिळतो, कारण तिचा कंद विषारी. फूल तेवढं घ्यायचं. मी एकदा ते नीट बघत बसले: पानाचं टोक लांबत जाऊन वळतं आणि शेजारच्या काटकीला चक्क विळखा घालतं. त्या आधारावर वेल वर चढते. पाकळ्या उमलताना पिवळ्या असतात, नंतर टोकाकडून लाल होत जातात, त्यामुळे एकाच वेलीवर आजची आणि कालची फुलं वेगळी ओळखू येतात. काकांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "तें आमकां खबर आसा गे." मग पोरांकडे वळून, "मुळासकट तोडूं नाका. फुडल्या वर्सा खंयच्यान हाडटले?"

हा हिशोब मला फार आवडतो. झाडावर प्रेम करा असं तिथे कोणी सांगत नाही. पुढच्या वर्षी हीच वस्तू लागणार आहे, म्हणून ती उरली पाहिजे. वेल कुठे आहे ते लक्षात ठेवायचं, यंदा वणव्यात गेली का ते बघायचं, कोणी जेसीबी लावून डोंगराचा कडा खाल्ला असेल तर आता कांगलां कुठून आणायची यावर वाटेत भांडायचं. निसर्गाबद्दलची माझी सगळी कळकळ एकत्र केली तरी या एका गरजेइतकी तीक्ष्ण होत नाही.

त्यात पंचांग आपला खेळ करतं. २०२५ मध्ये चवथ २७ ऑगस्टला आली, २०२३ मध्ये अधिक श्रावणामुळे थेट १९ सप्टेंबरला. तीन आठवडे म्हणजे रानात केवढा तरी काळ. लवकरच्या चवथीला कांगलांचे घोस हिरवेगार, घागऱ्या सगळ्या मुक्या. उशिराच्या चवथीला तेच घोस पिवळे पडायला लागलेले, कवंडळं लालभडक. कॅलेंडरवरचा अधिक महिना मी इतकी वर्षं नुसता वाचत होते. तो माटोळीला टांगलेला दिसतो हे काकांनी दाखवलं.

आणि माटोळी एकट्या घराच्याने भरत नाही. आमच्याकडे तोरंज आहे पण निरफणस नाही. समोरच्यांकडे चिबूड आहे, शिपटं नाही. तयेच्या (चवथीच्या आदल्या दिवसाच्या) आदल्या संध्याकाळी वाड्यावर जी देवाणघेवाण चालते ती बघण्यासारखी असते. कोणी मागत नाही, कोणी देतही नाही. नुसतं "यंदा तुमच्या तोरंजाक बरीं फळां धरल्यांत" एवढं म्हणायचं. रात्रीपर्यंत फळ समोरच्या दारात पोचतं. बाबांचा राय गावचा एक ख्रिस्ती दोस्त दरवर्षी निरफणस पाठवतो आणि त्याच्याकडे आमच्या नेवऱ्या (करंज्या) जातात. त्याच्या गावी ५ ऑगस्टला कणसांचं फेस्त होऊन गेलेलं असतं, नव्या भाताची कणसं इगर्जीत (चर्चमध्ये) आशीर्वादाला नेतात. आमच्याकडे तीच कणसं चवथीच्या दुसऱ्या दिवशी, नव्याच्या पंचमीला, घरात येतात. शेत एकच, पाहुणचार दोन घरी.

ज्यांना डोंगर नाही त्यांच्यासाठी बाजार आहे. बाणास्तारी, माशेल, म्हापसा, फोंडा, डिचोली, सगळीकडे चवथीआधी माटोळीचा बाजार भरतो. सत्तरीतून, डोंगरातल्या गावांतून बायका पहाटेच्या बसने गाठोडी घेऊन येतात. भाव ऐकून शहरातले लोक "रानातल्या फळाला इतके पैसे?" म्हणतात. हेच लोक त्या शिबिराची फी बिनबोभाट भरतात. त्या बाईने ते घोस पावसात, जळवा काढत गोळा केलेत. तिच्याशी घासाघीस करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. शिवाय तिला विचारलं तर कुठलं फळ कशावर उगाळून लावतात, कुठलं गुरांना चालत नाही, हे ती सुट्टे पैसे परत करता करता सांगते.

स्पर्धांबद्दल मात्र माझं मन दुभंगलेलं आहे. कला आणि संस्कृती संचालनालय माटोळीची स्पर्धा घेतं, आणि फोंडा तालुक्यातल्या काही घरांत शेकडो प्रकारची फळं, बिया, शेंगा, कंद यांतून जे उभं करतात ते बघून डोळे फिरतात. बियांचा मोर, भाज्यांचं मंदिर. कसब निर्विवाद. पण आकडा वाढवायच्या नादात जे एरवी कोणी तोडत नाही तेही ओरबाडून आणलं जातं, हेही खरंच. दुसऱ्या बाजूने, अशाच एका घरात दहावीतल्या मुलीने प्रत्येक फळाखाली नावाची चिठ्ठी लावली होती आणि कोणीही विचारलं तरी न बघता सांगत होती. म्हणून मी गप्प बसते.

आता प्रश्न फ्लॅटचा. भावाने फोंड्यात घर बघायला सुरुवात केली तेव्हा आई बरोबर गेली. स्वयंपाकघर, पाण्याची टाकी, पार्किंग, काही तिने विचारलं नाही. हॉलमध्ये उभी राहून वर बघत म्हणाली, माटोळीक कडयो खंय? विक्रेता मुलगा हुशार निघाला, तो इथलाच होता. त्याने छताच्या मधोमध असलेला पंख्याचा हूक दाखवला. आईने दोन क्षण विचार केला.

"आनी चवथीक पंखो खंय लावप? इतले लोक आरतेक येतले, घामान न्हातले."

मग त्या मुलाने वहीत लिहून घेतलं: हॉल, चार हूक.