सोमसूत्राच्या अलीकडे

मंगळवार, रात्र

"देवाले काहून मापून राह्यले, महाराज? माप त मेलेल्याचं घेतेत."

आजी एवढं बोलली, बेल वाहिला आणि गेली. तिला उत्तर नकोच होतं. मी, या देवळाचा गुरव, नकाशासाठी टेपचं टोक खांबाच्या कुंभीला, म्हणजे पायथ्याच्या दगडाला, दाबून तसाच उकिडवा बसलेला. आरती झाली, जेवण झालं, वाक्य काही कानातून जात नाही.

उत्तर नव्हतं असं नाही. देऊळ मापातूनच उभं राहतं. वराहमिहिर सहाव्या शतकात सांगून गेला: दाराच्या उंचीतून आठवा भाग वजा करा, उरेल त्याचे तीन भाग करा, दोन भागांची मूर्ती आणि एका भागाचं पीठ. दार १६० सेंटीमीटर असेल तर उरतात १४०. मूर्ती साधारण ९३, पीठ ४७. गाभारा रिकामा असो की आत नंतर कुणी भलतीच मूर्ती बसवलेली असो, नुसत्या दारावरून मूळची केवढी असावी याचा अदमास येतो. पण भस्माच्या हातानं हे आजीला कसं सांगायचं? आणि सांगितलं असतं तरी तिचं म्हणणं खोडून निघालं असतं का, याची मला खात्री नाही. बोचतंय ते हेच.

आज उत्तरेची भिंत जुळली नाही. दक्षिणेपेक्षा चार सेंटीमीटर कमी.

चार म्हणजे थोडके नव्हेत. टेप पोलादी आहे. कापडी असती तर ओढताना वाढली म्हणता आलं असतं. दक्षिणेची भिंत सलग मोजली, म्हणजे शून्य एकाच कोपऱ्यावर ठेवून तिथूनच प्रत्येक कोनापर्यंतचं अंतर वाचत गेलो. तुकड्या-तुकड्यानं मोजून बेरीज केली की दर तुकड्याला दोन-तीन मिलिमीटर चुकतात, आणि चाळीस कोनांच्या देवळात चूक एकाच बाजूला साचत गेली तर आठ ते बारा सेंटीमीटर होते. गाभाऱ्याचे दोन्ही कर्ण घेतले, कारण चारही बाजू सारख्या असून चौकोन तिरका असू शकतो. ओळंबा वाऱ्यानं डुलत होता, म्हणून त्याचं वजन पाण्याच्या बादलीत सोडलं. पातळीच्या नळीतला बुडबुडा काढला. तो राहिला तर अख्ख्या देवळाची उंची खोटी पडते.

मंडपात लोकवर्गणीतून टाइल्स बसल्यात, त्यांच्याखाली मसाला आहे. खांब तेवढे आखूड दिसतात. खरी जमीन उंबरठ्याशी टाइल संपते तिथं सापडते, तिथून उंची घेतली. ऑइलपेंटच्या थरांनी कणीची, म्हणजे जोत्याच्या टोकदार थराची, धार बोथट झाली आहे, तिथलं माप घेतलंच नाही. शिवाय तो रंग दगडातली ओल आत कोंडतो, मग पापुद्रे सुटतात ते रंगासकट आणि नक्षीसकट. असो, रंगावर आज लिहायचं नाही.

सगळं नीट करूनही उत्तर भिंत का चुकली, तर ती मी दोन तुकड्यांत मोजली. मध्ये प्रणाल, म्हणजे गाभाऱ्यातल्या पाण्याची पन्हळ, येतो. पूर्वाभिमुख देऊळ, अभिषेकाचं पाणी उत्तरेला बाहेर पडतं, आणि ते सोमसूत्र ओलांडायचं नसतं. प्रदक्षिणा प्रणालापर्यंत करायची आणि आल्या वाटेनं मागं फिरायचं. मीही टेप घेऊन पूर्वेकडून प्रणालापर्यंत आलो, मागं फिरलो, अख्ख्या देवळाला उलटा वळसा घालून पश्चिमेकडून परत प्रणालाशी आलो. दोन शून्य, दोन वाचनं, प्रणालाची रुंदी वेगळी. जिथं जोड, तिथं चूक. एका माणसानं मोजायचं तर दुसरं काय होणार! धाकटा येतो म्हणाला होता. तो विषय नको.

चूक माझीच असेल तर बरं. दुसरी शक्यता मला नकोशी आहे. आपली काळी जमीन पावसाळ्यात फुगते आणि वैशाखात हात जाईल एवढी भेगाळते. प्रणाल बेलपानांनी तुंबला की पाणी शाळुंकेखाली साचतं आणि जोत्यात झिरपतं. नुसत्या उत्तरेच्या पायाखालची माती ओली राहिली की तिकडचं जोतं वेगळं हलतं. हे देऊळ चुन्याशिवाय रचलेलं, दगडाला दगड अडकवून. सांधा सरकला तर धरून ठेवायला काही नाही. आणि सिमेंट भरलं तर आणखी वाईट. ते पाणी अडवतं, मग ओल दगडातून वाट काढते आणि क्षार बाहेर येताना दगड सोलून काढतात.

म्हणजे पाणी ओतणारा मी आणि भिंत सरकली का म्हणून मोजणाराही मी. पिंडीवर टांगतो त्या पात्राला आपल्याकडे गळती म्हणतात. हसू येतं, पण नीट येत नाही. उज्जैनला महाकालाच्या पिंडीची झीज न्यायालयापर्यंत गेली, २०१७ मध्ये भक्तामागे अर्धा लिटर पाण्यावर आलं. इथं श्रावणात सोमवारी कोणाची कळशी मोजू? आजीची?

एका परिसंवादात माझी ओळख 'स्थानिक पुजारी' अशी करून दिली. एका प्रबंधात तळटीपेत आभार होते, तेही 'तेथील पुजाऱ्यांचे', बिननावाचे. गावात नकाशेवाला गुरव. देवळं पाहायला खरा हंगाम कार्तिक ते माघ, गवत वाळतं, कोवळ्या तिरप्या उन्हात झिजलेली नक्षीही उठून दिसते. आणि नेमकी त्याच महिन्यांत माझी पूजेची पाळी. हे लिहिताना स्वतःची कीव आली होती, पण पानावर पाहिलं तर पगारवाढीच्या अर्जासारखं वाचतंय.

हेन्री कझिन्सच्या दख्खनच्या देवळांवरच्या १९३१ च्या ग्रंथातला लोणारच्या दैत्यसूदन देवळाचा नकाशा पाहतो तेव्हा वाटतं, काय स्वच्छ रेघ! नकाशात ना बेल, ना दिव्याची काजळी, ना गुरव. हेमाद्री, म्हणजे हेमाडपंत, १२६० नंतरचा यादवांचा मंत्री, आणि हेमाडपंती म्हणवल्या जाणाऱ्या अंबरनाथच्या देवळात लेख १०६० चा, तरी आलेल्या माणसानं "हेमाडपंती ना?" विचारलं की पुजारी म्हणून मी मान डोलावतोच. घंटा वाजवायच्या आत दोनशे वर्षांचा हिशेब कोण काढणार? रिद्धपूरकडच्या महानुभावांनी मात्र चक्रधरस्वामी कुठं बसले, दार कोणत्या दिशेला, देऊळ कोणीकडं, हे सगळं स्थानपोथीत टिपून ठेवलं. त्यांना कोणी हटकलं असेल का? असेलच एखाद्या आजीनं.

उद्या प्रणाल बांबूच्या कामटीनं साफ करायचा. लोखंडी सळई नको, कड उडते. उत्तरेच्या भेगेवर काचेची पट्टी प्लास्टरनं चिकटवून तारीख घालायची. फुटली तर भेग जिवंत, म्हणजे अजून हलतेय. एकदा वैशाखात बघायची, एकदा भाद्रपदात.

आणि उत्तर भिंत पुन्हा, या वेळी सलग. सोमसूत्र माणसानं ओलांडायचं नाही, टेपबद्दल कुठं काही वाचलेलं नाही. पलीकडं टोक धरायला कोणीतरी लागेल. आजी सकाळी येतेच बेल घेऊन.