पन्हाळ्यावर चार दिवस: राहायला जाऊ पाहणाऱ्यांसाठी

माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे, घर कोल्हापुरात शुक्रवार पेठेत आहे आणि २०१९ व २०२१ या दोन्ही महापुरांत तिच्या स्वयंपाकघरात पंचगंगेचे पाणी शिरले होते. त्यानंतर "आता पन्हाळ्यावर खोली घेऊन राहायचं" हा विषय तिने सोडला नाही. संध्याकाळी गाडीने वर जाऊन, कणीस खाऊन नऊच्या आत परतणाऱ्या आम्हा कोल्हापूरकरांना पन्हाळा पर्यटकाच्या नजरेनेच ठाऊक असतो. म्हणून सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात सोमवार ते गुरुवार आम्ही दोघे तेथे एका घरगुती निवासात राहून आलो.

कोल्हापूरच्या मध्यवर्ती बसस्थानकावरून एस.टी. मिळते. अंतर सुमारे २० किलोमीटर असले तरी वाघबीळनंतरचा घाट धरून तासाभराचा वेळ हाताशी ठेवावा. परतीची शेवटची गाडी किती वाजता आहे, हे वर उतरल्या उतरल्या विचारून घ्यावे. स्वतःच्या वाहनाने जाणाऱ्यांना नगरपरिषदेच्या नाक्यावर प्रवासी कर भरावा लागतो. शनिवार-रविवार टाळता आले तर जरूर टाळावेत, कारण त्या दोन दिवसांत तीन दरवाजाकडचा रस्ता वाहनांनी इतका भरतो की पायी चालणाऱ्याला गटाराच्या कडेने जावे लागते. सोमवारी सकाळी मात्र तेच गाव तीन-साडेतीन हजार वस्तीचे, शांत, तालुक्याची कचेरी असलेले गाव होऊन जाते.

हवेविषयी बराच गैरसमज आहे. पन्हाळा समुद्रसपाटीपासून सुमारे ३,१०० फुटांवर आहे आणि कोल्हापूर त्याच्या खाली जेमतेम तेराशे फूट. एवढ्या उंचीने तापमानात दोन-अडीच अंशांचाच फरक पडतो. गारवा जाणवतो तो मुख्यतः वाऱ्यामुळे. सह्याद्रीच्या मुख्य रांगेतून पूर्वेकडे निघालेल्या सोंडेवर हा गड असल्याने पश्चिमेकडून येणारे ढग अडवायला समोर काही नसते. गगनबावड्याला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि कोल्हापूर शहरात हजाराच्या आसपास. पन्हाळा या दोहोंच्या मधला आहे. पण राहणाऱ्याला पावसापेक्षा धुके जास्त छळते. आमच्या यजमानीणबाईंच्या स्वयंपाकघरात मिठाच्या बरणीत तळाशी पाणी सुटले होते, काड्यापेटी चुलीजवळच्या कोनाड्यात ठेवलेली होती, आणि कोळशाच्या शेगडीवर वेताची बुट्टी पालथी घालून तिच्यावर नातवाचा गणवेश वाळत टाकला होता. जूनपासून हेच चालते, असे त्यांनी अगदी सहज सांगितले. दम्याचा किंवा संधिवाताचा त्रास असणाऱ्यांनी पावसाळ्यात आठ दिवस राहून पाहिल्याशिवाय घराची बोलणी करू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

चालण्यासाठी मात्र याहून चांगले गाव आमच्या जिल्ह्यात मला माहीत नाही. तटाचा घेर सुमारे सात किलोमीटरचा आहे. सकाळी सहाला निघून सज्जा कोठी, अंबरखाना, अंधार बाव, तीन दरवाजा आणि पुसाटी बुरूज असे रमतगमत केले, तरी न्याहारीला घरी पोहोचता येते. अक्काने पासष्टाव्या वर्षी हे तीनही दिवस केले. जांभ्या दगडाच्या पायवाटांवर शेवाळ धरलेले असते, म्हणून गुळगुळीत तळाच्या चपला नकोत. मी पहिल्याच दिवशी अंधार बावीच्या पायऱ्यांवर आपटलो. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आलेल्या बारा किल्ल्यांत पन्हाळा आहे, असे मी लिहिणार होतो. परंतु ज्यांची घरे तटाच्या आत आहेत त्यांना या बातमीत बांधकामावरच्या निर्बंधांची धास्तीच अधिक ऐकू येते, हेही सांगायला हवे.

तिसऱ्या दिवशी मी एकटाच मसाई पठारावर गेलो. १६६० च्या जुलैत सिद्दी जौहरचा वेढा चुकवून शिवाजी महाराज विशाळगडाकडे निघाले, ती वाट तुरुकवाडी, म्हाळुंगे करीत याच पठारावरून जाते. सप्टेंबरात पठार तेरड्याने आणि सीतेच्या आसवांनी भरलेले असते. फुले तुडवून छायाचित्रे काढू नयेत, मळलेली वाट सोडू नये. मी सोडली. दहा मिनिटांत धुके उतरले आणि सपाट जमिनीवर दिशा अशी उरलीच नाही. तासभर फिरून मी पुन्हा त्याच डबक्याशी आलो, तेव्हा म्हशी राखणारे एक मामा इरलं घेऊन दगडावर बसलेले दिसले. "पाव्हणं, धुकं आलं की हलायचं न्हाई, बसायचं," एवढे बोलून त्यांनी तंबाखू मळायला घेतली. पुढे जाणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे. सोबत पाणी, गूळ-शेंगा आणि भरलेला फोन असावा, आणि दुपारी तीनच्या आत परतीला लागावे.

आता अक्काच्या मूळ प्रश्नाकडे येतो. पूर चुकवायचा तर पन्हाळा उंचावर आहे, हे खरे. पण ज्या पावसाने पंचगंगा फुगते, तोच पाऊस पन्हाळ्याची वाट तोडतो. कोल्हापूरजवळ पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. पाणी त्यापुढे चढत गेले आणि रेडेडोह फुटला, म्हणजे त्या जागी नदीचे पाणी पात्राबाहेर पडले, की आंबेवाडी-केर्लीकडचा रस्ता पाण्याखाली जातो. वरच्या बाजूचे दुखणे वेगळे आहे. जांभा पाणी पिऊन घेतो, त्याखालची चिकण माती निसरडी होते आणि कडा सुटतो. जुलै २०२१ मध्ये चार दरवाजाजवळ गावाचा मुख्य रस्ताच असा खचला आणि कित्येक महिने चारचाकी वर जाऊ शकली नाही. ग्रामीण रुग्णालय वर आहे, पण मोठ्या दुखण्याला कोल्हापूरच गाठावे लागते. गडावर खोली पाहणाऱ्याने भाड्याच्या आधी पश्चिमेच्या भिंतीला ओल आहे का, नळाला पाणी किती वेळ येते आणि जवळचे वाणसामान किती चालीवर आहे, हे पाहावे.

जेवणाची ददात नाही. पिठलं, ज्वारीची भाकरी, ठेचा आणि गाडग्यातले दही तीन दरवाजाजवळ बायका देतात. भाव आधी विचारावा.

निघताना यजमानीणबाई अक्काला म्हणाल्या, "ताई, जुलैत या, मग ठरवा." अक्का काही बोलली नाही. सोमवारी धुतलेल्या तिच्या दोन साड्या गुरुवारीही ओलसरच होत्या. त्या तशाच पिशवीत भरल्या आणि शुक्रवार पेठेत पोहोचल्यावर गच्चीवर टाकल्या. चहा होईपर्यंत वाळल्या.