जर्मन ग्राहकाची प्रश्नावली

ऐरोलीतील ज्या कंपनीच्या विधी विभागात मी काम करते, तिथे एका जर्मन विमा कंपनीचे आरोग्यविम्याचे दावे तपासले जातात. हॅम्बुर्गच्या कुणा वृद्धाचे निदान, औषधांची यादी, रुग्णालयाचे बिल हे सारे आमच्या मजल्यावरील पडद्यांवर दिसते. युरोपाबाहेर वैयक्तिक माहिती पाठवण्याच्या करारांसाठी युरोपीय आयोगाने जून २०२१ मध्ये मंजूर केलेली नवी प्रमाणित कलमे २७ डिसेंबर २०२२ पर्यंत सर्व जुन्या करारांत आणणे बंधनकारक होते, त्यामुळे त्या महिन्यात आमचाही करार नव्याने होत होता. त्यासोबत एक लांबलचक प्रश्नावली आली होती. भारतातील गुप्तचर यंत्रणांनी ही माहिती मागितली तर काय होईल आणि संबंधित व्यक्तीला ते कळून दाद मागता येईल का, हा तिच्यातील कळीचा प्रश्न होता.

"आजवर कुणी मागितली आहे का? नाही ना? मग 'लागू नाही' लिहा आणि पाठवून द्या," आमचे विभागप्रमुख म्हणाले. व्यवहार म्हणून ते चुकीचे नव्हते. पण हा प्रश्न कुणा कारकुनाच्या डोक्यातून आलेला नव्हता. अमेरिकी यंत्रणांच्या टेहळणीविरुद्ध युरोपातील माणसाला प्रभावी न्यायालयीन दाद मिळत नाही, असे सांगून युरोपीय संघाच्या न्यायालयाने जुलै २०२० मध्ये अमेरिकेशी झालेली माहिती-हस्तांतरणाची व्यवस्था रद्द केली होती. खटला ऑस्ट्रियाचे मॅक्स श्रेम्स यांनी लढवला होता. तेव्हापासून माहिती ज्या देशात जाते तिथला कायदा आधी तपासणे ही पाठवणाऱ्याचीच जबाबदारी झाली.

मी उत्तर लिहायला बसले. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९ नुसार केंद्राचे किंवा राज्याचे गृहसचिव माहिती मिळवण्याचा आणि ती उलगडून देण्याचा आदेश काढू शकतात. देशाच्या सुरक्षेबरोबरच परराष्ट्रांशी मैत्रीपूर्ण संबंध आणि कोणत्याही गुन्ह्याचा तपास ही कारणेही त्यात बसतात, आणि सहकार्य नाकारणाऱ्याला सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. डिसेंबर २०१८ मध्ये गृह मंत्रालयाने या कामासाठी दहा यंत्रणांना अधिकार दिले. आदेशांचा फेरविचार करणारी केंद्राची समिती कॅबिनेट सचिवांच्या अध्यक्षतेखाली असते आणि तिच्यात न्यायाधीश कुणीच नाही. गुप्ततेचा नियम कडक आहे, संबंधित व्यक्तीला नंतरही कळवण्याची सोय नाही. दुसरीकडे, २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणाचा हक्क अनुच्छेद २१ मध्ये आहे असे सांगितले, आणि तो अनुच्छेद नागरिकांपुरता नसून प्रत्येक व्यक्तीला लागू आहे. म्हणजे हॅम्बुर्गच्या त्या वृद्धाला कागदोपत्री तरी मुंबईच्या उच्च न्यायालयात येता येईल. पण येणार कधी? त्याला कळले तर!

दुपारी जर्मन कंपनीच्या माहिती-संरक्षण अधिकारी बाई व्हिडिओ कॉलवर आल्या. भारताबद्दलचे त्यांचे प्रश्न रास्त होते, पण स्वर परीक्षकाचा होता आणि तो मला खटकला. मी विचारले, "तुमच्या बीएनडी या परदेशी गुप्तवार्ता यंत्रणेवर परदेशस्थ परकीयांच्या बाबतीत जर्मन संविधानाचे बंधन आहे का, हा वाद २०२० पर्यंत तुमच्याकडेच सुरू होता ना?" त्यांनी लगेच मान्य केले. १९ मे २०२० च्या निकालात जर्मनीच्या संघीय संविधान न्यायालयाने सांगितले, की सीमेबाहेरील परकीय माणसांवर नजर ठेवतानाही राज्यसंस्था मूलभूत हक्कांना बांधील असते. तक्रारदारांत बहुतेक परदेशात काम करणारे पत्रकार होते. आपल्यावर प्रत्यक्ष पाळत ठेवली गेली, हे सिद्ध करण्याचा हट्ट न्यायालयाने धरला नाही.

तिथून आमचे बोलणे खऱ्या अडचणीवर आले. युरोपीय मानवी हक्क न्यायालयानेही रशियाविरुद्धच्या झाखारोव्ह खटल्यात २०१५ साली अशीच मुभा दिली होती. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मात्र २०१३ मध्ये ॲम्नेस्टी ही मानवी हक्क संघटना आणि इतरांनी टेहळणीच्या कायद्याला दिलेले आव्हान, पाळत ठेवली गेल्याचा किंवा ती नक्की होणार असल्याचा पुरावा नाही म्हणून, पाच विरुद्ध चार मतांनी फेटाळले होते. गुप्त ठेवलेल्या गोष्टीचा पुरावा तक्रारदाराने आणायचा, हा माझ्या मते न्यायाचा अजब प्रकार आहे. हक्क कोणत्या देशाने दिला यापेक्षा, पाळतीची माहिती न मिळताही न्यायालयाचे दार ठोठावता येते का, याच्यावर बरेच काही ठरते.

संध्याकाळी आम्ही त्या रकान्यात "व्यक्तीला सूचना देण्याची तरतूद नाही" असे स्पष्ट लिहिले. विभागप्रमुखांनी कपाळाला आठ्या घालून का होईना, सही केली. करार टिकला, पण बदलून. माहितीचा साठा जर्मनीतच राहतो. परदेशातून ती नुसती पाहणे हेसुद्धा युरोपीय नियमांत हस्तांतरणच धरले जाते, म्हणून आमच्या लोकांना आता नाव आणि जन्मतारखेच्या जागी संकेतांक दिसतो. एखाद्या दाव्याबद्दल शंका आली की जर्मनीला विचारावे लागते, आणि त्यामुळे काम मंदावले आहे.

आमच्या स्वतःच्या कर्मचाऱ्यांची पगारापासून रजेपर्यंतची नोंद एका अमेरिकी कंपनीच्या क्लाउडवर असते. अमेरिकेच्या फिसा या टेहळणीविषयक कायद्याचे कलम ७०२ परदेशस्थ परकीयांवर पाळत ठेवू देते, आणि त्याखाली ते सगळे परदेशस्थ परकीयच आहेत. ऑक्टोबर २०२२ च्या अध्यक्षीय आदेशाने तिथे स्थापन झालेले तक्रारींचे न्यायालय निवडक देशांतील लोकांसाठीच आहे, आणि त्या देशांत भारत नाही. हीच प्रश्नावली त्या कंपनीला पाठवू या, असे मी सुचवले. "आपला कायदा तसं सांगतो का?" विभागप्रमुखांनी विचारले. तेव्हा सांगत नव्हता. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदाही केंद्राने मनाई केलेले देश सोडून इतरत्र माहिती नेण्यास मोकळीक देतो, तिथली टेहळणी तपासण्याची सक्ती करत नाही. माझा मसुदा अजून त्यांच्या टेबलावर आहे.