कोर्स संपला पण सर्टिफिकेट लटकलं (माझा अनुभव)

मी सांगलीत मार्केट यार्डात हळद-बेदाण्याच्या पेढीवर एक्स्पोर्टचं काम बघतो, म्हणजे बाहेरच्या पार्टीचे मेल, पॅकिंग लिस्ट, बँकेची कागदं सगळं माझ्याकडंच. इंग्रजी वाचायला येतं पण लिहायला बसलं की एकेक मेल अर्धा तास खातो, म्हणून बिझनेस इंग्लिशचा ऑनलाईन कोर्स लावला. व्हिडिओ, क्विझ रात्री जेवून झाल्यावर करत गेलो, त्यात सांगण्यासारखं काय नाही.

घोडं अडलं शेवटच्या असाइनमेंटला. माल उशिरा पोचला म्हणून चिडलेल्या ग्राहकाला मेल लिहायचा. अहो हे तर माझं रोजचंच! कंटेनर न्हावाशेव्याला का अडकला, नवीन तारीख काय, माफी एकदाच, असं झकास लिहून सबमिट केलं. आता तपासणार कोण? सर नाहीत, मॅडम नाहीत, आपल्यासारखेच कोर्स करणारे. आधी आपण तिघांचे तपासायचे, मग आपलं कुणीतरी तपासणार. मी लगेच तपासून टाकले, त्यातल्या एकानं तर रकान्यात नुसतं "हाय" टाकलेलं. आणि माझं? ग्रेड पेंडिंग. सौद्याला जाताना मोबाईल बघितला तरी पेंडिंग, रात्री झोपताना बघितला तरी पेंडिंग. इकडं फी महिन्याची, शिकायचं सगळं संपलंय तरी कार्डातनं पुढच्या महिन्याचे पैसे गेले, म्हणजे निव्वळ वाट बघायचं भाडं! हेल्पला मेल टाकला तर छापील उत्तर आलं, कृपया धीर धरा. धीर आम्ही धरतोय, पैसे तुम्ही धरताय.

शेवटी कोर्सवाल्यांच्या टेलिग्राम ग्रुपवर लिंक टाकली, तुम्ही माझं तपासा मी तुमचं तपासतो, आणि संध्याकाळपर्यंत सुटलं की! म्हणून सांगतो, पैसे भरायच्या आधी बघा असाइनमेंट कोण तपासतंय, आणि ऑटो-पे तर पहिल्याच दिवशी बंद करा.

लेव्हलचं राहिलंच. इंग्रजी किती येतं त्याच्या ए१ (अगदी सुरुवात) पासून सी२ (एकदम पक्कं) पर्यंत ६ लेव्हल असतात, बी१ च्या खाली असाल तर बिझनेसच्या कोर्सला घाई करू नका, आधी ब्रिटिश कौन्सिलचं लर्नइंग्लिश नायतर बीबीसी लर्निंग इंग्लिश फुकट आहे ते करा. आणि एफओबी, सीआयएफ असलं, म्हणजे मालाचं भाडं-विमा विकणाऱ्याकडं की घेणाऱ्याकडं हे सांगणारे शब्द, आमच्या कोर्समध्ये काहीच नव्हतं, एक्स्पोर्टवाल्यांनी ह्या शब्दांचे जगभर चालणारे नियम, म्हणजे इन्कोटर्म्स २०२० चे ११ नियम, वेगळे वाचायचे.

मेल मात्र आता पटापट जातात, हे मान्य करायला पाहिजे. शेठनी सर्टिफिकेट बघितलं, म्हणाले फाईलला लावून ठेव. हां, रजिस्टर करताना नाव आधारवर आहे तसंच टाका, नंतर बदलायचं म्हटलं की परत त्याच हेल्पवाल्यांच्या दारात.