दोतोनबोरीतली रात्र

ऑफिस सुटल्यावर आज घरी न जाता दोतोनबोरीला गेले. ओसाकात येऊन आठ महिने झाले, पण एबिसुबाशी पुलाच्या कठड्याला टेकून नुसतं उभं राहायला आजच सवड मिळाली. समोर दिव्यांच्या पाटीवर हात उंचावून धावणारा माणूस, ग्लिको या खाऊ बनवणाऱ्या कंपनीची जाहिरात. पहिली पाटी १९३५ ची, आत्ताची सहावी. खाली कालव्याच्या पाण्यात सगळे दिवे थरथरत होते, आणि हा कालवा १६१५ पासूनचा!

पुलावर जो येतो तो त्या माणसासारखे हात वर करून फोटो काढतो. एका आजोबांनी काठी नातीकडे दिली, दोन्ही हात वर केले आणि एक पाय जेमतेम इंचभर उचलला. आजूबाजूच्या अनोळखी पोरांनी टाळ्या वाजवल्या. मला एकदम भरून आलं.

ताकोयाकीच्या गाडीवर तर पाय निघेना. आप्पेपात्रासारखाच साचा, त्यात पीठ, ऑक्टोपसचा तुकडा, आणि टोच्याने गोळे गरगर फिरवणारा तो मुलगा. आई आप्पे उलटते ना, अगदी तसंच मनगट.

मागच्या गल्लीत होझेनजी देऊळ आहे. तिथला देव फुदो म्हणजे आपल्या संस्कृतातला 'अचल'. लोक पाणी घालतात, म्हणून मूर्ती शेवाळाने हिरवीगार झालीय. सुटातला, टाय सैल केलेला एक जण आला, पळीने पाणी घातलं आणि हात जोडून कितीतरी वेळ उभा राहिला. शेवटच्या गाडीची वेळ होत आली होती, तरी तो हलेपर्यंत मीही निघाले नाही.