मॉरिशसला जायचंय, पण गणपतीत नाही

तर फायनली ठरलंय, यंदा मॉरिशस. आमच्या घरातल्या सगळ्यांचाच हा पहिला परदेश प्रवास, आणि मी, नवरा, मुलगी, आई-बाबा असे सगळे मिळून जाणार. गेले कित्येक आठवडे रात्री जेवणं झाली की मी लॅपटॉप घेऊन बसते आणि बाबा शेजारी चष्मा लावून "जरा तो नकाशा मोठा कर" करत बसतात. इतकं वाचून झालंय की आता लिहूनच काढते, म्हणजे डोकं मोकळं होईल आणि अजून कोणी जाणार असेल तर त्यालाही उपयोग होईल.

मुळात मॉरिशसच का, मालदीव किंवा बाली का नाही, हे सगळ्यांनी विचारलं. निळं पाणी आणि पांढरी वाळू तिथेही आहेच. पण मॉरिशसमध्ये मराठी माणसं राहतात, आणि ती काल-परवा आयटीत नोकरीला गेलेली नाहीत. त्यांचे पणजे-खापरपणजे रत्नागिरी, सावंतवाडीकडून मुंबई बंदरात येऊन जहाजात बसले आणि उसाच्या मळ्यात मजुरीला तिकडे गेले, ते तिकडचेच झाले. आजही तिथल्या शाळांत मराठी शिकवतात, मराठी मंडळी फेडरेशन आहे, गणेश चतुर्थीला देशभर सरकारी सुट्टी असते. आमचं मूळ गाव राजापूर तालुक्यातलं, त्यामुळे बाबांनी हे ऐकलं आणि मालदीवचा विषय तिथेच संपला.

साहजिकच पहिला विचार आला की मग गणपतीतच जाऊया. तिकडे ऑगस्ट-सप्टेंबर म्हणजे हिवाळ्याचा शेवट, कारण देश विषुववृत्ताच्या खाली आहे ना, ऋतू उलटे. हवा थंड, कोरडी, फिरायला उत्तम. आणि एक गोष्ट वाचून तर मला फार बरं वाटलं, तिकडची सुट्टी बहुतेक चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी असते. म्हणजे २०२५ मध्ये आपल्याकडे २७ ऑगस्टला गणपती बसले आणि त्यांची सुट्टी २८ ला, २०२३ ला आपल्याकडे १९ सप्टेंबर आणि त्यांची २०. कारण त्या दिवशी विसर्जन! कोकणातल्या कोणालाही हे समजावून सांगायला नको, दीड दिवसाचा गणपती आहे तो. इतक्या पिढ्या झाल्या, भाषा क्रेओल, म्हणजे तिकडची फ्रेंचवरून आलेली बोली झाली, पेपर फ्रेंचमध्ये वाचतात, पण दीड दिवस तो दीड दिवस. लोक वाजतगाजत नदीवर नाहीतर समुद्रावर जातात, आणि कोकणातल्या जाखडीसारखा नाच तिकडे अजून टिकून आहे, त्याला ते झाकरी म्हणतात.

पण आई म्हणाली, "घरचा गणपती सोडून दुसऱ्यांचा बघायला जायचं? मी नाही येणार." आणि तिचं बरोबरच आहे. आमच्याकडे चार भावांत मिळून एक गणपती, गावच्या घरात, वर्षातून तेवढं एकदाच सगळे एकत्र असतात. मी वाद घातला नाही. कोकणातल्या माणसाला गणपतीत गावी जाऊ नको सांगणं म्हणजे काय ते मला माहितीये.

मग शोधता शोधता २ नोव्हेंबर सापडला आणि मला वाटतं ही तारीख आमच्यासाठी गणपतीपेक्षाही योग्य आहे. २ नोव्हेंबर १८३४ ला 'अ‍ॅटलस' नावाच्या जहाजातून कराराने बांधलेले भारतीय मजूर मॉरिशसच्या राजधानीत, पोर्ट लुईला उतरले, आणि तो दिवस मॉरिशसमध्ये सरकारी सुट्टीचा आहे. ते अ‍ॅटलसवाले बिहारकडचे होते, आपले कोकणातले नंतरचे, पण दिवस सगळ्यांचा. जिथे मजुरांना उतरवून घ्यायचे त्या जागेला आता आप्रवासी घाट म्हणतात, २००६ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आहे. दगडी सोळा पायऱ्या आहेत, बोटीतून उतरलेला माणूस त्या चढून वर यायचा. २ नोव्हेंबरला तिथे मोठा कार्यक्रम होतो, पंतप्रधान वगैरे येतात, लोक त्या पायऱ्यांवर फुलं वाहतात.

साधारण साडेचार लाख माणसं अशी आली, १८३४ पासून विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत. गुलामगिरी बंद होणार होती, मॉरिशसमध्ये ती १ फेब्रुवारी १८३५ ला झाली, आणि साखरेच्या मळेवाल्यांना स्वस्तात काम करणारे हात हवे होते, म्हणून इंग्रजांनी हा कराराचा प्रयोग इथे सुरू केला आणि इथे चालला म्हणून पुढे गयाना, त्रिनिदाद, फिजी, दक्षिण आफ्रिकेतलं नाताळ सगळीकडे तेच. आपण शाळेत इतिहास शिकतो त्यात हे जेमतेम एखाद्या ओळीत उरकतं याचं मला खरंच वाईट वाटतं.

बाकी तारखेच्या दृष्टीनेही ऑक्टोबरचा शेवट एकदम चांगला आहे. ऑक्टोबर हा तिकडचा सगळ्यात कोरडा महिना, हिवाळ्यातला वारा कमी झालेला असतो आणि उन्हाळ्याची खरी उष्णता अजून सुरू झालेली नसते. चक्रीवादळांचा सीझन नोव्हेंबरपासून मोजतात पण जोर असतो जानेवारी ते मार्च. त्यामुळे ख्रिसमस-न्यू इयरची पॅकेजेस बघून हुरळून जाऊ नका, भाव चढलेले असतात आणि हवा दमट, पावसाची. २०२६ मध्ये २ नोव्हेंबर सोमवारी येतोय आणि लक्ष्मीपूजन ८ ला, म्हणजे मुलीच्या सुट्टीत जाऊन दिवाळीला घरी परत. फक्त एवढंच की शनिवार-रविवार-सोमवार सलग सुट्टी असल्यामुळे तिकडचे लोकही समुद्रावर असणार, पण मला उलट तेच हवंय. तिकडची कुटुंबं रविवारी मोठमोठी पातेली घेऊन बीचवर जातात, दिवसभर जेवण, गाणी, सेगा नाच. आणि बीच कोणाच्या मालकीचे नसतात, हॉटेलसमोरची वाळूसुद्धा भरतीच्या रेषेपर्यंत सगळ्यांची.

आता राहायचं कुठे. इथे मी सगळ्यात जास्त डोकं घातलंय. बेट फार मोठं नाही, उभं साधारण ६५ किलोमीटर, आडवं ४५, त्यामुळे एजंट लोक एकाच हॉटेलात ठेवतात आणि रोज गाडीत घालून नॉर्थ टूर, साउथ टूर, इल ओ सेर्फचं छोटं बेट असं फिरवतात. आई-बाबांना घेऊन रोज एवढा वेळ गाडीत बसायचं मला पटत नाही. शिवाय जी तीन-चार पॅकेजेस मी बघितली त्यातल्या एकातही आप्रवासी घाट नव्हता, कसिनो होता.

मुख्य गोष्ट म्हणजे वारा. वारा आग्नेयेकडून येतो, म्हणून पूर्व किनारा, बेल मार वगैरे, दिसायला सुंदर पण मे ते सप्टेंबर वाऱ्याचा. पश्चिम किनारा, म्हणजे फ्लिक-आँ-फ्लाक, ला मॉर्न हा भाग, डोंगरांच्या आडोशाला, तिथे समुद्र शांत आणि पाऊसही कमी. ऑक्टोबरात तसा कुठेही चालेल पण आम्ही फ्लिक-आँ-फ्लाकच घेतोय कारण सूर्यास्त समुद्रात होतो, आणि कास्कावेल तिथून अगदी जवळ आहे. कास्कावेलमध्ये मराठी वस्ती आहे. बाबा रोज विचारतात की तिथे देवळात कोणी भेटेल का, कोणाशी मराठीत बोलता येईल का. मी त्यांना सांगितलंय, संध्याकाळी आरतीच्या वेळेला जाऊन उभं राहायचं आणि नमस्कार म्हणायचं, पुढचं आपोआप होईल. कुणाच्या घरी कॅमेरा घेऊन घुसायचं नाही, हा माझा नियम.

शेवटचे दोन दिवस मात्र आग्नेयेला माएबूर गावाजवळ, ब्लू बेच्या किनाऱ्यावर. विमानतळ त्याच कोपऱ्यात आहे, सकाळच्या विमानासाठी बेट ओलांडत यायला नको. ब्लू बेच्या मरीन पार्कात काचेच्या तळाच्या बोटीतून प्रवाळ बघता येतं, आई पाण्यात उतरणार नाही, तिच्यासाठी हे बेस्ट. तिथूनच इल ओ एग्रेत नावाच्या छोट्या बेटावर जाता येतं, तिथे महाकाय कासवं आणि गुलाबी कबुतरं आहेत, ती कबुतरं एकेकाळी जवळजवळ संपलीच होती, लोकांनी जपून वाढवली. डोडो पक्षी गेला तसं हेही गेलं असतं. आणि याच किनाऱ्यावर २०२० च्या जुलैमध्ये वाकाशिओ नावाचं जहाज प्रवाळावर अडकलं आणि ऑगस्टमध्ये त्यातून तेल सांडलं होतं, तेव्हा तिकडच्या माणसांनी उसाची पाचट आणि कापड भरून स्वतः बांध बनवले आणि समुद्रात सोडले. मला त्या फोटोंची अजून आठवण येते.

पोहण्याबद्दल एक गंभीरपणे. बेटाभोवती प्रवाळाची भिंत आहे म्हणून बहुतेक ठिकाणी आत पाणी उथळ आणि शांत असतं. पण दक्षिणेला ग्री-ग्रीला ती भिंतच नाही, लाटा सरळ कड्यावर येतात. तिथे बघायचं फक्त. गणपतीपुळ्याला दरवर्षी काय होतं ते आपण पेपरात वाचतोच, तर पाटी लावलेली असेल तिथे पाण्यात जाऊ नका. आणि पायात रबरी शूज घाला, तळाशी काटेवाले सी अर्चिन असतात.

कागदपत्रांचं सोपं आहे. भारतीय पासपोर्टवर टुरिस्ट व्हिसा तिकडे उतरल्यावर मिळतो, पैसे लागत नाहीत. परतीचं तिकीट, हॉटेलचं बुकिंग, खर्चापुरते पैसे आहेत हे दाखवायला लागतं, आणि निघण्याआधी त्यांचा एक ऑनलाईन फॉर्म भरायचा. पासपोर्ट सहा महिने तरी शिल्लक असू द्या. मुंबईहून थेट विमान आहे, सहा-साडेसहा तास, आणि घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे, त्यामुळे म्हाताऱ्या माणसांनाही झोपेचा त्रास नाही.

सामानात मात्र जपून. बाबांची बीपीची गोळी आणि झोपेची गोळी, दोन्ही मूळ पाकिटात आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट नेणार, झोपेच्या गोळीबद्दल आधीच विचारून ठेवणार कारण अशा औषधांचे नियम तिकडे कडक आहेत. ई-सिगारेट अजिबात चालत नाही, पुतण्यांना वगैरे सांगून ठेवा. फळं, बिया, रोपं परवानगीशिवाय नेता येत नाहीत. आईला आप्रवासी घाटावर वाहायला गावचा नारळ आणि अंगणातली अनंताची फुलं न्यायची होती, तेव्हा हे कळलं. ती जरा हिरमुसली. पण पोर्ट लुईचं सेंट्रल मार्केट घाटापासून चालत जाण्याइतकं जवळ आहे, तिथे फुलं घेऊ, तिला पटलं.

पैसे त्यांचेही रुपयेच, त्यांचा एक म्हणजे आपले पावणेदोन ते दोन. फेब्रुवारी २०२४ पासून यूपीआय आणि रुपे सुरू झालंय तिकडे, तरी थोडी कॅश हवीच, बसला आणि खाण्याच्या गाड्यावर लागते. प्लग इंग्लंडसारखा तीन चौकोनी दांड्यांचा, अ‍ॅडॉप्टर इथूनच घ्या. गाड्या डावीकडूनच चालतात. पोर्ट लुई ते क्युरपीप मेट्रो आहे, आपल्या एल अँड टीने बांधलेली, आम्ही पोर्ट लुईच्या दिवशी गाडी वाटेतल्या रोझ हिल स्टेशनला सोडून मेट्रोनेच जाणार, शहरात ट्रॅफिक फार. बस सगळीकडे जातात पण संध्याकाळी लवकर बंद होतात.

खाण्याचं टेन्शन आईला होतं, ती शाकाहारी. मी तिला ढोल पुरीचे व्हिडिओ दाखवले, पिवळ्या डाळीचं सारण भरलेली पातळ पोळी, दोन-दोनच्या जोडीत देतात, आत पावट्यासारख्या दाण्यांची भाजी, टोमॅटोची चटणी, लोणचं, मिरची. आणि गातो पिमाँ, म्हणजे डाळीचे छोटे वडे, सकाळी लोणी लावलेल्या पावात घालून खातात! बाबा म्हणाले, "मग काय, सकाळचं झालं." हॉटेल आम्ही नाश्ता आणि रात्रीचं जेवण एवढंच धरून घेतोय, दुपारचं बाहेर. सगळं जेवण हॉटेलातच घेतलं तर हे काहीच खाल्लं जाणार नाही, मी तरी ते सुचवणार नाही.

गंगा तलावला एक सकाळ ठेवलीय. डोंगरातलं ज्वालामुखीच्या मुखातलं तळं, शेजारी १०८ फुटांचा शंकर, महाशिवरात्रीला लाखो लोक पायी कावड घेऊन जातात. त्या भागात खाली ऊन असलं तरी वर पाऊस आणि गारवा असतो, स्वेटर-छत्री जवळ हवी. तिथूनच पुढे शामारेलची रंगीत माती, आणि ला मॉर्नचा डोंगर, पळून गेलेले गुलाम तिथे लपून राहायचे, तोही २००८ पासून युनेस्कोच्या यादीत आहे. चढायचा नाही, खालूनच बघायचा.

आता एकच गोष्ट राहिलीय. मोका गावात महात्मा गांधी इन्स्टिट्यूट आहे, तिथे त्या सगळ्या मजुरांची रजिस्टरं जपून ठेवलीत. नाव, बापाचं नाव, जात, गाव, जहाज, उंची, अंगावरची खूण, नंतरच्या काळातल्यांचे तर फोटोसुद्धा. आमच्या घरातून कोणी गेल्याची गोष्ट मी कधी ऐकली नाही, पण बाबांना आपल्या तालुक्याच्या गावांची नावं त्यात बघायची आहेत. अर्ज कसा करायचा, बाहेरच्या माणसाला बघू देतात का, हे विचारायला मी या आठवड्यात त्यांना मेल करतेय. बाबांनी गावांची यादी करून दिलीय, इंग्रज कारकुनाने कशी लिहिली असतील त्या दोन-तीन स्पेलिंगसकट. तुमच्यापैकी कोणी तिथे जाऊन रजिस्टर बघितलं असेल तर प्लीज कळवा, तिकिटं काढायच्या आधी मला तो दिवस पक्का करायचाय.